बंदराचा दिवस : परतीच्या वेळेपासून मागे मोजा

क्रूझवर निघणाऱ्या आमच्या ज्येष्ठ जोडप्यांसाठी

जहाज बंदराला लागते तो दिवस सहलीतला सर्वांत आवडता असतो, आणि वेळेची चूक अंगाशी येते तीही याच दिवशी. म्हणून त्या दिवसाचा बेत सकाळपासून पुढे न आखता परतीपासून मागे आखा.

आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये किंवा जहाजाच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाचे पत्रक येते. त्यात दोन वेळा असतात : जहाज सुटण्याची आणि सर्वांनी जहाजावर परतण्याची. दुसरी वेळ बहुधा ३० मिनिटे आधीची असते, काही बंदरांत तासभर आधीची. आपली वेळ ती दुसरी. समजा जहाज ५ वाजता सुटणार आणि ४:३० पर्यंत आत यायचे आहे, तर बंदराच्या फाटकाशी ३:३० ला पोहोचा. फाटकापासून जहाजापर्यंतची चाल, जहाजाने दिलेले कार्ड दाखवणे, सामानाची तपासणी आणि शेवटच्या तासाची रांग यांत तो वेळ सहज जातो. दुखऱ्या गुडघ्यांनी घाई करावी लागू नये, हा या तासाचा खरा उपयोग.

घड्याळाचेही बघा. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते. मोबाइलला किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळाले की तो आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, आणि तासाभराचा घोळ होतो. उतरण्यापूर्वी साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी जुळवून घ्या. दोघांनीही.

जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही, आणि मग पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. त्यामुळे बंदरापासून दूर जायचे असेल तर जहाजाचीच सहल घ्या. जवळपास फिरायचे असेल तर टॅक्सी पुरते. पत्रकात बंदरातील एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा, फोन नंबर असतो. तो कागद खिशात ठेवा. नुसता फोटो काढलात आणि बॅटरी संपली तर उपयोग नाही.

सकाळी उतरायची घाई करू नका. पहिला पाऊण तास लिफ्ट आणि शिडी दोन्हींकडे गर्दी असते. भरती-ओहोटीनुसार शिडीचा उतार बदलतो. सकाळी सोपी वाटलेली शिडी दुपारी बरीच उभी झालेली असू शकते. काठी वापरत असाल तर ती एका हातात आणि कठडा दुसऱ्या हातात, खांद्याला पिशवी.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जातात. बुकिंगच्या वेळी आम्हाला हे नक्की विचारा. लाटांमुळे बोट वर-खाली होते, मधली फट कमी-जास्त होते. दोन्ही हात मोकळे ठेवा. खलाशी तुमचा हात कोपराखाली धरतो. तुम्हीही त्याचा हात तसाच धरा, आणि तो सांगेल तेव्हाच पाऊल टाका. बोट वर येत असताना घाईने टाकलेले पाऊल हमखास चुकते. समुद्र खवळलेला असेल तर चाकाची खुर्ची नेऊ देत नाहीत, कधी थांबाच रद्द होतो.

पिशवीत त्या दिवसाची औषधे आणि वर एक दिवसाची जादा, पाणी, जहाजाचे कार्ड, फोटो असलेले ओळखपत्र. मूळ पासपोर्ट लागेल का हे रिसेप्शनवर विचारून घ्या. प्रत्येक देशाचा नियम निराळा. नाश्त्यातली फळे किंवा सँडविच किनाऱ्यावर नेऊ नका, अनेक देशांत त्याला बंदी आहे.

परत आल्यावर जेवणाआधी साबणाने २० सेकंद हात धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा भरवसा धरता येत नाही. जहाज सुटण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो समुद्रातल्या महागड्या नेटवर्कला जोडला जातो.

दोघांपैकी एकाला जहाजावरच थांबावेसे वाटले तर खुशाल थांबा. कार्ड प्रत्येकाचे वेगळे असते, ते उतरताना आणि चढताना स्कॅन होते. फक्त किती वाजता आणि कोणत्या डेकवर भेटायचे ते आधी ठरवून ठेवा, कारण किनाऱ्यावरून केलेला फोन केबिनमध्ये लागेलच असे नाही.