पापलेट वाचवायचे तर जवळ्याचाही हिशेब मांडावा लागेल

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली. पापलेटची 135 मिलिमीटर. हेतू हा की माशाला निदान एकदा तरी अंडी घालता यावीत. जीवशास्त्र म्हणून यात खोट नाही. अडचण येते ती डोलीत.

डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात पाय रोवून उभी केलेली जाळ्याची निमुळती पिशवी. पाणी जे आणील ते शेवटच्या भागात, म्हणजे खोल्यात साठते आणि चेंगरून मरते. छोटे पापलेट बंदरावर आणायचे नाही, एवढाच नियम केला तर मेलेले पिल्लू वाटेतच समुद्रात जाते. कागदावर मात्र ते वाचलेले दिसते.

मग आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, वाढवा, हा पुढचा सल्ला. आस मोजतात ती ताणून, त्यामुळे 40 मिलिमीटर आसेच्या भोकाचा घेर फार तर 80 मिलिमीटर. पापलेट पडले बशीसारखे. तळहाताएवढे पिल्लू त्यातून निसटत नाही. निसटतो तो दोन-तीन सेंटिमीटरचा जवळा! तो वाळवून आठवडी बाजारात विकणाऱ्या बायकांचे नाव बोटीच्या कागदपत्रांत कुठेच नसते. त्यामुळे फक्त बोटमालकांना विचारून केलेल्या पाहणीत हा तोटा शून्य भरतो.

म्हणून मासे मोजणारा आणि माणसांशी बोलणारा यांनी एकाच दिवशी, एकाच बंदरावर असावे. तारखा मात्र कॅलेंडरवरून ठरवू नयेत. डोलीचे काम प्रवाहावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला कमी. उधाणाचे चक्र साधारण 14.8 दिवसांचे आहे. दर दुसऱ्या सोमवारी जाणारा संशोधक या चक्राच्या फक्त पाऊण दिवस मागे सरकतो. पहिली फेरी भांगात पडली, तर उधाण गाठायला त्याला चार महिने लागतील, आणि तोवर तो ‘मासळी घटली’ असा अहवालही देऊन बसेल. तिथीप्रमाणे गेले तर ही चूक होत नाही. कोळीवाड्यात हे कुणालाही विचारा.

मोजताना टोपलीतले वरचे मासे उचलू नयेत, कारण निवड आधीच झालेली असते. वर्गवारीच्या आधी एक अख्खी टोपली मागावी. पट्टी शेपटीच्या खाचेपर्यंत लावली की टोकापर्यंत, हे दर नोंदीत लिहावे. पापलेटची शेपटी इतकी दुभंगलेली असते की दोन्हींत बराच फरक पडतो आणि 135 चा आकडा इकडचा तिकडे होतो.

प्रश्न विचारायची वेळही महत्त्वाची. लिलाव चालू असताना कुणी खरे बोलत नाही, बोलायला फुरसतच नसते. दुपारी वलांडीपाशी बसावे, जिथे बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या असतात. विचारायचे ते नेमके: पिल्ले कोणत्या महिन्यात, किती वाव (एक वाव सुमारे सहा फूट) खोल पाण्यात दिसतात? त्या दिवसांत जवळा कुठे असतो? व्यापाऱ्याची उचल घेतली आहे का? उचल डोक्यावर असलेला माणूस पटला तरी जाळे बांधून ठेवू शकत नाही.

पिल्लांची जागा आणि जवळ्याची जागा वेगळी निघाली, तर तेवढा पट्टा तेवढे आठवडे बंद ठेवणे जमते. एकच निघाली, तर वाळवणाऱ्या बायकांच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई त्याच आदेशात लिहावी लागते.