मंडप, मंडई, पुतळा : पुण्यातल्या वादांची पार्श्वभूमी

पुतळ्यावरून किंवा नावावरून पुण्यात काही पेटलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘पूर्वी वाद विचारांचे असत, आता नुसती हुल्लड उरली आहे.’ असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टिळक-आगरकरांचा काळ असतो. त्याच काळात पुणेकरांनी आगरकरांची, ते हयात असताना, प्रेतयात्रा काढली होती. विचारांचा वाद या शहरात नुसता विचारांचा असा फारसा राहिलेलाच नाही. तो सरकत सरकत एखाद्या जागेवर येऊन ठेपतो. मंडप कोणाला मिळायचा, देऊळ कोणाला उघडं, पुतळा कोणाचा बसवायचा, यावर.

१८९० मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा प्यायली. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापवून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या यादीत रानडे होते, गोखले होते आणि टिळकही होते. चहाच्या एका कपावरून सुधारक आणि सनातनी दोघांनाही प्रायश्चित्ताचा हिशेब द्यावा लागला.

लगेच पुढच्या वर्षी संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं किमान वय, दहावरून बारा करणारं विधेयक सरकारने १८९१ च्या जानेवारीत मांडलं आणि मार्चमध्ये ते मंजूरही झालं. त्यामागे समाजसुधारक बेहरामजी मलबारींची खटपट होती, नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला होता आणि कलकत्त्यात फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीचा नवऱ्यामुळे झालेला मृत्यू होता. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी मुलीसाठी सोळा आणि मुलासाठी वीस वर्षांची लग्नाची अट आपणहून स्वतःच्या घरात पाळावी, असं ते म्हणत. डॉ. रा. गो. भांडारकरांनी कायद्याच्या बाजूने धर्मशास्त्रातली वचनं काढून दाखवली, टिळकांनी ती खोडून काढायचा प्रयत्न केला. इतक्या तोलामोलाची चर्चा मराठी वर्तमानपत्रांत फार थोड्या वेळा झाली असेल. पण तेव्हाच पुण्यात विरुद्ध बाजूच्या सभा उधळण्याचंही सत्र चालू होतं. भांडारकरांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

खरी ठिणगी पडली ती १८९५ मध्ये. त्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. १८८७ पासून रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या पाठोपाठ त्याच मंडपात भरत असे. बाहेरगावची माणसं एकाच खर्चात दोन्ही कामं उरकत, इतका साधा व्यवहार होता. पुण्यात मात्र टिळकपक्षाने हरकत घेतली : वर्गणी लोकांनी राजकारणासाठी दिली आहे, विधवाविवाहाच्या ठरावांसाठी नाही. हा मुद्दा वरवर हिशेबाचा दिसतो, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न होता. राष्ट्रीय चळवळीच्या छपराखाली घरातल्या अन्यायाबद्दल बोलायचं की नाही? मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली. शेवटी रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद वेगळ्या मंडपात भरवली. त्याच वर्षी पुण्यातली ‘सार्वजनिक सभा’ ही राजकीय संस्थाही टिळकपक्षाच्या ताब्यात गेली, म्हणून रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. आगरकर हे पाहायला नव्हते, ते जूनमध्येच गेले.

तीस वर्षांनी वाद नगरपालिकेत आला. तोवर लढणारी माणसंही बदलली होती. एकोणिसाव्या शतकातली भांडणं बव्हंशी ब्राह्मणांची आपसातली होती, आता ब्राह्मणेतर पक्ष निवडून सभागृहात बसू लागला होता. १९२४ मध्ये मंडईत टिळकांचा पुतळा बसला, अनावरणाला मोतीलाल नेहरू आले. मग १९२५ मध्ये ब्राह्मणेतर पक्षाच्या केशवराव जेध्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव आणला. तो फेटाळला गेला. टिळकांना जागा आहे आणि फुल्यांना नाही, हे ऐकून पूर्व भागातल्या ब्राह्मणेतर वस्तीच्या पेठा खवळल्या नसत्या तरच नवल. जेध्यांचे जोडीदार दिनकरराव जवळकर यांनी टिळक-चिपळूणकरांवर अत्यंत जहाल पुस्तिका लिहिली. तिच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात आरोपींचे वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. आरोपी सुटले.

पुतळा नाही मिळाला, पण पुढे अख्खी मंडईच फुल्यांची झाली. गव्हर्नर रे यांच्या नावाच्या या मार्केटला महात्मा फुले यांचं नाव मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने. गंमत अशी की, स्वतः फुले नगरपालिकेचे सभासद असताना याच बाजाराच्या खर्चाला विरोध करत होते. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. आज विसर्जन मिरवणुकीला सुरुवात होते ती फुले मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून. ढोलपथकं तिथेच रांगेत उभी असतात आणि पुष्पहार टिळकांना पडतो. पाटी फुल्यांची, पुतळा टिळकांचा. एवढी नीट वाटणी पुण्याने ठरवून केली असती तर जमली नसती.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि देऊळ काही उघडलं नाही. पुढच्याच वर्षी जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण पुढाऱ्याबरोबर त्यांची जोडी जमली. जातीच्या बाजू कायमच्या ठरलेल्या असतात असं समजणाऱ्यांनी ही जोडी विसरू नये.

मधली काही दशकं ओलांडून २००४ वर येऊ. अमेरिकन अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या वादग्रस्त पुस्तकात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतल्या अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढ्यावरून ५ जानेवारीला संभाजी ब्रिगेडचे कार्यकर्ते संस्थेत घुसले. कपाटं फोडली, पोथ्या आणि पुस्तकं विस्कटली. प्रकाशकाने पुस्तक आधीच मागे घेतलं होतं. हल्लेखोरांच्या लेखी ही संस्था म्हणजे ब्राह्मणी इतिहासाचा गड होता. जिच्यावर ज्यांचं नाव, ते भांडारकर १८९१ मध्ये सनातन्यांच्या शिव्या खात होते, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही.

२०१० च्या डिसेंबरात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने रातोरात हलवला. दादोजी शहाजीराजांच्या जहागिरीचे कारभारी होते, शिवरायांचे गुरू नव्हते, हा एका बाजूचा दावा. बखरींपासून चालत आलेली गुरूची प्रतिमा ही दुसऱ्या बाजूची श्रद्धा. गुरू की कारभारी, हा प्रश्न कागदपत्रांच्या अभ्यासाचा आहे. तो सुटला मात्र सर्वसाधारण सभेच्या मतदानाने. राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या मतांनी ठराव झाला, शिवसेना-भाजप रस्त्यावर उतरले. आणि ज्या लाल महालासाठी हे सगळं चाललं होतं, ती आजची इमारत महापालिकेनेच १९८० च्या दशकात बांधलेली.

मग २०१७ च्या जानेवारीत संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्री उखडून मुठेत टाकला गेला. कारण सांगितलं गेलं ‘राजसंन्यास’चं. गडकऱ्यांच्या या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात संभाजी महाराजांचं चित्रण बदनामीकारक आहे, असं. गडकरी १९१९ मध्ये वारले, पुतळा १९६२ पासून बागेत होता, आणि महापालिकेची निवडणूक दीड महिन्यावर होती. त्या पुतळ्याचं अनावरण केलं होतं अत्र्यांनी. मंडईला फुल्यांचं नाव देणारे अत्रे आणि गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे हे एकच, आणि त्यांना स्वतःला त्यात काही विसंगती वाटली नव्हती. २०१७ मध्ये मात्र प्रत्येकाला एकच बाजू निवडायची होती.

त्याच वर्षी महापालिकेने सार्वजनिक गणेशोत्सवाची सव्वाशे वर्षं साजरी करायची ठरवली, तर तिथेही वाद उभा राहिलाच. भाऊसाहेब रंगारी मंडळाचं म्हणणं, आमचा गणपती १८९२ चा, तेव्हा सुरुवात टिळकांनी केली म्हणू नका. टिळकांना मानणारे मागे हटले नाहीत. हे भांडण महापालिकेच्या सभागृहातून थेट न्यायालयापर्यंत गेलं.