काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या : पुनर्वापर व विल्हेवाट

बंदुकीतून, पिस्तुलातून किंवा तोफेतून मारा झाल्यावर काडतुसाचा जो पोकळ भाग मागे राहतो त्याला पुंगळी म्हणतात. गोळी निघून गेलेली, दारू जळून गेलेली, बुडाची टोपी, म्हणजे घाव बसताच पेटून दारूला आग लावणारी छोटी डबी, ठेचलेली. उरते ते बहुधा उत्तम प्रतीचे पितळ. हे पितळ गोळा करणे, मोजणे, निवडणे, पुन्हा भरणे, वितळवणे किंवा निकामी करून विकणे असा हा सगळा व्यवहार आहे. वरवर पाहता तो भंगाराचाच धंदा वाटतो. पण इतर भंगारात धातू ओळखला की काम झाले. इथे धातू वितळवणे सोपे असते आणि ढिगातली प्रत्येक पुंगळी खरोखरच रिकामी आहे याची खात्री करणे अवघड. या व्यवहारातले बहुतेक नियम, यंत्रे आणि अपघात याच एका अडचणीतून निघाले आहेत.

धातू : पुंगळीचे पितळ हे ठरावीक मिश्रण असते. त्यात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते आणि धातुविज्ञानात त्याला ‘काडतुसी पितळ’ असेच नाव आहे. जाड पत्र्याची चकती साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून तिची पुंगळी करतात. इतकी ओढाताण न फाटता सोसणारे मिश्रधातू फार नाहीत. बार उडताना रायफलीच्या नळीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या काही हजार पट होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या मागच्या भागाला घट्ट चिकटते, त्यामुळे तापलेला वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर ओढता येते. फुगायचे आणि पुन्हा आकसायचे, या गुणामुळेच पितळ दीडशे वर्षे टिकून आहे आणि त्यामुळेच ते पुन्हा वापरताही येते.

९ मिमी पिस्तुलाची पुंगळी साधारण ४ ग्रॅम भरते, ५.५६ मिमी रायफलीची ६ ग्रॅम, तर १२.७ मिमी मशीनगनची सुमारे ५५ ग्रॅम. म्हणजे एका किलोला पिस्तुलाच्या अडीचशे पुंगळ्या लागतात. एखाद्या नेमबाजाच्या पिशवीत ही रक्कम किरकोळ, पण लष्कराच्या सराव-मैदानावर वर्षाकाठी टनांनी पितळ साचते.

सगळ्या पुंगळ्या पितळेच्या नसतात. लाखेचा किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या पोलादी पुंगळ्या रशियन बनावटीच्या काडतुसांत सर्रास दिसतात. स्वस्त पिस्तुली काडतुसांत ॲल्युमिनियम असते. काही पितळी पुंगळ्यांवर निकेलचा मुलामा असतो. पोलाद चुंबकाने वेगळे निघते. ॲल्युमिनियम हलकेपणावरून आणि रंगावरून निवडावे लागते. निकेलचा मुलामा मात्र नवशिक्याला हमखास फसवतो, कारण चकचकीत पांढरी पुंगळी ॲल्युमिनियमची की मुलामा दिलेल्या पितळेची हे ती हातात तोलल्याशिवाय कळत नाही.

मोजदाद : पुंगळीची पहिली किंमत धातूची नसते, हिशेबाची असते. एका बाराला एक पुंगळी. तेव्हा सरावासाठी दिलेली काडतुसे, परत आलेली न वापरलेली काडतुसे आणि गोळा झालेल्या पुंगळ्या यांचा मेळ बसला, तर एकही जिवंत काडतूस कुणाच्या खिशातून बाहेर गेले नाही असे म्हणता येते. जपानचे स्वसंरक्षण दल आणि दक्षिण कोरियाचे लष्कर या बाबतीत विशेष काटेकोर आहे. तिथे पुंगळी उडून हरवू नये म्हणून शस्त्राला पिशवी किंवा जाळी लावतात आणि एखादी कमी भरली तर सगळ्या तुकडीला गवतात रांगत ती शोधावी लागते. सैन्यात जाऊन आलेल्या कोरियन माणसाला नेमबाजीपेक्षा हा शोधच जास्त आठवतो, असे तिथे थट्टेने म्हणतात.

पोलीस तपासात याच वस्तूला वेगळा अर्थ येतो. टोपीवर बसलेला घोड्याच्या टोकाचा ठसा, बुडावर उमटलेल्या यंत्राच्या रेषा, पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या आकड्याचे ओरखडे यांवरून दोन पुंगळ्या एकाच शस्त्रातून सुटल्या का, हे तज्ज्ञ तपासतात. बुडावरच्या शिक्क्यातून कारखाना आणि बहुधा वर्षही कळते; युद्धक्षेत्रात बेकायदा पोहोचलेल्या दारूगोळ्याचा माग काढणारे याच शिक्क्यापासून सुरुवात करतात. पुंगळी भट्टीत गेली की हा सगळा लेखी पुरावाच जातो. म्हणून गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी हा भंगाराचा विषय नाही.

छाननी : सराव-मैदानावरून झाडून आणलेल्या ढिगात माती, दगड, कागद, शिशाचे तुकडे आणि अधूनमधून एखादे न उडालेले काडतूस येते. टोपीवर घाव बसूनही न पेटलेले काडतूस सर्वांत फसवे, कारण ठेचलेली टोपी पाहून हात ते सहज रिकाम्यांत टाकतो. मोकळ्यावर तापून फुटलेले लहान काडतूस नळीतून सुटलेल्या गोळीसारखे वेगाने जात नाही. पुंगळीच फाटते आणि तिचे तुकडे उडतात. पण डोळा जायला तेवढे पुरे असते. २० मिमी आणि त्याहून मोठ्या गोळ्यांत खुद्द गोळ्यातच स्फोटक असू शकते, आणि तिथे ही सवलतही उरत नाही.

अमेरिकी लष्करात अशा मालाची शंभर टक्के तपासणी होते आणि मग दुसऱ्याकडून पुन्हा शंभर टक्के फेरतपासणी. दोन सह्या झाल्याशिवाय तो ‘सुरक्षित’ ठरून बाहेर पडत नाही. नमुना काढून पाहणे इथे उपयोगाचे नाही. हजारात एक काडतूस जिवंत राहिले, तरी भट्टीवाल्याच्या दृष्टीने तो एक माणूसच असतो.

तपासणीवर विसंबायचे नसेल तर पुंगळ्या बंद, जाड भिंतीच्या फिरत्या भट्टीत घालून पितळ वितळणार नाही इतपत तापवतात. राहून गेलेल्या टोप्या आणि काडतुसे आतच फटाफट फुटून जातात. दुसरा मार्ग म्हणजे रोलरखाली चेपून पुंगळीचा आकारच घालवणे. अमेरिकेच्या भंगार-उद्योगात मालाच्या प्रतींना ठरलेली सांकेतिक नावे आहेत: टोपी काढलेल्या मोठ्या पितळी पुंगळ्या ‘लेस’, टोपीसह असल्या तर ‘लेडी’, लहान शस्त्रांच्या उडवलेल्या स्वच्छ पुंगळ्या ‘लेक’ आणि भट्टीत फोडून घेतलेल्या ‘लॅम्ब’. मराठी कानाला यातली ‘लेक’ जरा चमकवून जाते. पण सौदा कशाचा चालला आहे हे दोन्ही बाजूंना एका शब्दात कळते, आणि दर त्यावरच ठरतो.

पुन्हा भरणे : वितळवण्यापेक्षा पुंगळी आहे तशी वापरणे केव्हाही फायद्याचे, कारण काडतुसात सर्वांत महाग आणि टिकाऊ भाग तोच असतो. जुनी टोपी ठोकून काढतात, फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मापात आणतात, वाढलेली मान कापतात, नवी टोपी बसवतात, मोजून दारू भरतात आणि गोळी बसवतात. स्पर्धेत उतरणारे नेमबाज आणि शिकारी हे स्वतः करतात. काही कारखाने मोठ्या प्रमाणावर करतात.

पुंगळी सहज भरता येईल की नाही हे टोपीच्या घडणीवर ठरते. १८६६ च्या सुमारास दोन पद्धती निघाल्या. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या पद्धतीत टोपीची ऐरण, म्हणजे घाव बसताच आतले रसायन ज्यावर चिरडून पेटते तो भाग, टोपीतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. सरळ सुई घालून टोपी बाहेर ढकलता येते. अमेरिकी हायरम बर्डन याने ऐरण पुंगळीतच घडवली आणि तिच्या बाजूंना बहुधा दोन बारीक भोके ठेवली. तिथे सुई चालत नाही. पुढे बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. दोघांचे शोध एकमेकांच्या घरी नांदायला गेले म्हणायचे. पुंगळ्या घरी भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्यामागे हे एक साधे यांत्रिक कारण आहे.

पुंगळीचे आयुष्य मात्र मर्यादित असते. दर वेळी फुगून आणि दाबली जाऊन पितळ कडक होते, मान चिरते. रायफलीच्या पुंगळीत बुडाजवळची भिंत पातळ होत जाऊन एक दिवस बूडच वेगळे होते. मान ज्योतीवर तापवून मऊ केली की ती आणखी काही फेऱ्या चालते. बूड मात्र कधीही तापवायचे नसते, कारण दाबाचा सारा भार तेच सोसते. जुन्या पाराजन्य टोप्यांचा त्रास आणखी वेगळा होता. त्यातला पारा पितळेत शिरून ते ठिसूळ करी, आणि अशी पुंगळी दिसायला चांगली असूनही फुटे.

अमोनिया हा पितळेचा जुना वैरी. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून साठवली जात आणि पाऊस सरेपर्यंत त्यांतल्या अनेकांना चिरा पडलेल्या असत. हवामानाशी संबंध दिसत होता म्हणून या प्रकाराला ‘ऋतूतील चिरणे’ अशा अर्थाचे नाव पडले, पण कारण कळायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले की, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओढून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, असे दोन्ही एकत्र आले की पितळ चिरते. तेव्हापासून पुंगळ्या हलक्या आचेवर तापवून हा ताण काढतात. पुन्हा भरणाऱ्यांना याचा धडा आजही लागू आहे: अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासल्या तर त्या सुंदर दिसतात आणि आतून कमकुवत होतात.

जुन्या लष्करी पुंगळ्या नागरिकांना विकाव्यात की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने त्या चेपूनच विकायच्या असे ठरवले. भरणाऱ्यांनी आणि मोंटाना राज्याच्या सिनेटरांनी आवाज उठवताच तो निर्णय काही दिवसांतच मागे घेतला गेला. आकार शाबूत असलेली पुंगळी आणि तेवढ्याच वजनाचे चेपलेले पितळ यांच्या किमतीत केवढा फरक पडतो, हे त्या गदारोळावरून दिसले.

वितळवणे : काडतुसी पितळ साधारण ९१५ ते ९५५ अंश सेल्सियसला वितळते, आणि जस्त ९०७ अंशांना उकळते. आच थोडी वाढली की जस्ताचा पांढरा धूर उठतो, मिश्रणातले जस्त घटते आणि ओतकामगाराला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. पितळेच्या ओतशाळांत हा ताप फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. घटलेले जस्त वरून घालून प्रमाण पुन्हा जुळवतात. दुसरा धोका पाण्याचा. पुंगळी म्हणजे उभी वाटीच. पावसात पडलेल्या ढिगात प्रत्येकीत थेंब थेंब पाणी असते आणि वितळलेल्या धातूखाली गेले की त्याची वाफ होऊन धातू उसळतो. म्हणून माल आधी वाळवतात किंवा तापवून घेतात.

पुंगळीचे पुन्हा पुंगळीचे पितळ होणे वाटते तितके सरळ नाही. काडतुसी पितळात शिसे ०.०७ टक्के आणि लोखंड ०.०५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर ते ओढताना फाटते. टोपीतल्या रसायनाचे शिसे आणि नजरेतून सुटलेली एखादी पोलादी पुंगळी एवढ्यानेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे बरेच पितळ नळ, झडपा, जोडण्या यांच्या कारखान्यात जाते. तिथे कातकामाला सोपे जावे म्हणून शिसे मुद्दाम घातलेलेच असते.

छऱ्याची काडतुसे : यांची कथा थोडक्यात संपते, कारण त्यांना गिऱ्हाईक नाही. धड पॉलिथिनचे आणि बूड पुष्कळदा पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचे. दोन्ही वेगळे करण्याची मजुरी मालाच्या किमतीहून जास्त. काही नेमबाज ती पुन्हा भरतात, बाकीची कचऱ्यात जातात. छऱ्यांबरोबर उडणारी प्लॅस्टिकची वाटी तर उचललीच जात नाही आणि समुद्रकिनाऱ्यांवर वाहून येते.

आरोग्य : बहुतेक टोप्यांत शिशाचे स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असते, आणि त्यांची राख पुंगळीच्या आत चिकटून राहते. पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुशात घोळवून साफ करतात तेव्हा हे शिसे धुळीत उतरते. गाळणी उघडताना ती धूळ छातीत जाते. बंद खोलीत हे काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळते. पाण्यात, पोलादी सुयांबरोबर घोळवल्यास धूळ उडत नाही, पण मग ते पाणी कुठे ओतायचे हा प्रश्न उरतो. हात न धुता जेवायला बसणे आणि त्याच कपड्यांनी घरी जाऊन मूल उचलणे, या दोन सवयी सर्वांत घातक.

युद्धकाळ : पितळेची चणचण भासली की पुंगळीचे मोल वाढते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या पुंगळ्या सरकारी मालमत्ता असत आणि त्या परत पाठवायच्या असत. तरीही सैनिकांनी आणि कारागिरांनी त्यांवर नक्षी ठोकून फुलदाण्या, राखदाण्या, पेले घडवले. खंदकातली ही कला आज संग्रहालयांत मांडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी पोलादी पुंगळ्यांकडे वळला. अमेरिकेने तांबे वाचवण्यासाठी १९४३ चा सेंट जस्ताच्या मुलाम्याच्या पोलादाचा काढला. ते नाणे लोकांना आवडले नाही, चांदीच्या दहा सेंटांशी त्याचा घोटाळा होई; मग १९४४ ते १९४६ ची नाणी पाडताना वापरलेल्या पुंगळ्यांचे पितळ घेऊन त्यात तांबे वाढवण्यात आले.

लढाया संपलेल्या मुलखात भंगार हेच पोटापाण्याचे साधन होते. लाओसमध्ये १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. त्यांचा धातू वेचताना न फुटलेल्या बॉम्बना बळी पडलेल्यांत लहान मुले पुष्कळ आहेत. इथे दोन सह्यांची तपासणी नसते. वेचणारा हाच तपासनीस.

बदलती घडण : पुढच्या काळात पितळेचा हा ओघ काही ठिकाणी आटेल असे दिसते. १५५ मिमी तोफेत दारू पिशव्यांतून किंवा जळून जाणाऱ्या नळकांड्यांतून भरतात, पुंगळी लागतच नाही. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमी रायफलीच्या काडतुसात बूड पोलादाचे आणि धड पितळेचे आहे. असे दोन धातू जोडलेले असले की चुंबकावरची जुनी निवड अपुरी पडते. १२० मिमी रणगाडा-तोफेची पुंगळी बाराबरोबर जळून जाते आणि रणगाड्याच्या तळाशी पडते ते फक्त बुडाचे बुटके पोलादी भांडे.