खोक्यावर चित्र कोणाचं?

कॅलिफोर्नियाची संत्री 1880च्या दशकापासून लाकडी खोक्यांतून रेल्वेने दूरच्या शहरांत जाऊ लागली. खोक्यावरच्या रंगीत लेबलावर हिरव्या बागा, मागे बर्फाचे डोंगर, कधी हसरी तरुणी असे. फळं तोडणारे हात क्वचितच दिसत. 1950च्या दशकात छापील पुठ्ठ्याची खोकी आली आणि लेबलं गेली. मजूर तेव्हाही चित्राबाहेरच राहिला. वास्तविक 1942 ते 1964 या काळात 'ब्रासेरो' (हंगामी शेतमजूर आणण्याच्या) करारांखाली लाखो मेक्सिकन माणसं अमेरिकेच्या शेतांत राबत होती.

1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांचा संप झाला, देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला. मग 1982 मध्ये चित्रकार एस्टर हर्नांडेझ यांनी 'सन-मेड' बेदाण्याच्या खोक्यावरच्या ओळखीच्या तरुणीच्या जागी सांगाडा छापला. त्यांचा रोख द्राक्षमळ्यांतल्या कीटकनाशकांवर होता.

मेक्सिकोतल्या वाहाकाचे चित्रकार नार्सिसो मार्टिनेझ यांनी मात्र खोकंच हाती घेतलं. शिक्षणाचा खर्च भागवायला वॉशिंग्टन राज्यात त्यांनी स्वतः शेतमजुरी केली होती. दुकानांबाहेर पडलेल्या खोक्यांवर ते मजुरांची व्यक्तिचित्रं काढतात. साहित्य कोळसा, शाई, गॉश (अपारदर्शक जलरंग) आणि कुठे सोन्याचा वर्ख. खोक्यावरचं कंपनीचं नाव ते झाकत नाहीत, आणि आमच्या मते सगळा जोर तिथेच आहे: माल कोणाचा आणि मेहनत कोणाची, हे एकाच पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी दिसतं.

पुठ्ठ्याचा तपकिरी रंग मधल्या छटेचं काम करतो. सावलीला कोळसा, उजेडाला पांढरा गॉश, एवढ्यावर चेहरा उभा राहतो. असं चित्र स्वतः काढायचं तर खोकं निवडताना नखाने ओरखडा काढून पाहावा. बर्फात ठेवायच्या भाज्यांच्या खोक्यांना मेण असतं, त्यावर काहीच धरत नाही. कोळसा जोरात घासला की आतल्या नागमोडी थराच्या रेषा गालावर पट्ट्यांसारख्या उमटतात, म्हणून हात हलका हवा. पाण्याचा रंग एकाच बाजूला लागला तर पुठ्ठा वाकतो; आधी दोन्ही बाजूंना पारदर्शक अॅक्रिलिक मिडियमचा पातळ हात द्यावा. इथे पांढरा गेसो (रंगाआधी देतात तो अस्तराचा लेप) चालत नाही, कारण छपाईच त्याखाली जाते. फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा) एकदम न मारता दोन-तीन हलक्या फवाऱ्यांत मारावं. त्याने पांढरा मंदावतो, तेव्हा उजेडाचे शेवटचे फटकारे फवारणीनंतरच द्यावेत. लगद्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातला एक नैसर्गिक घटक) पुठ्ठा उन्हात काळपटतो आणि ठिसूळ होतो. चौकटीला अतिनील किरण अडवणारी काच लावावी, आणि मागे आम्लमुक्त पाठकागद.