इवामी गिन्झान
जपानच्या होन्शू बेटावर, शिमाने प्रांतात आताच्या ओदा शहराच्या हद्दीत असलेली जुनी चांदीची खाण. जपानात चांदी सापडल्याची पहिली नोंद इ.स. ६७४ ची, त्सुशिमा बेटावरची, पण मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू झालं ते १६व्या शतकात आणि ते इथूनच.

खाण नेमकी कधी सापडली यावर एकमत नाही. १३०९ च्या सुमाराला ओउची या सरदार घराण्याने इथे चांदी काढली असं बखरवजा लिखाणात येतं, पण ते लिखाण बरंच नंतरचं असल्याने जपूनच घ्यावं लागतं. क्यूशू बेटावरच्या हाकाता बंदराचा व्यापारी कामिया जुतेई याने समुद्रातून जाताना डोंगर चमकताना पाहिला, ही गोष्टही त्याच धाटणीची, मात्र त्याने ओउचींच्या पाठिंब्याने खाण चालू केली हे बहुतेक जण मानतात. जुन्या पुस्तकांत साल १५२६ मिळतं, अलीकडे १५२७ जास्त पटण्यासारखं धरतात.

खरं तर खाण सापडल्याच्या सालापेक्षा महत्त्वाचं आहे ते १५३३. तोवर खाणीतला चांदीचा दगड तोमोगाउरा बंदरातून जहाजाने हाकाताला जायचा, त्या वर्षी जुतेईने केइजू आणि सोतान हे दोन कारागीर आणले आणि चांदी खाणीवरच गाळली जाऊ लागली. पद्धत अशी की, फोडलेला दगड शिशाबरोबर वितळवायचा म्हणजे चांदी शिशात उतरते, मग तो गोळा राखेच्या थरावर ठेवून भात्याने वारा देत तापवायचा, शिसं जळून राखेत मुरतं आणि वर चांदी उरते. हे तंत्र कोरियातून आलं असावं, कारण तिथल्या राजदरबारी नोंदीत १५०३ सालीच शिशातून चांदी वेगळी करून दाखवल्याचं लिहिलंय आणि १५३९ मध्ये ते जपान्यांना शिकवल्याचा आरोप एका अधिकाऱ्यावर झालेला दिसतो.

मग खाणीसाठी ओउची, ओगासावारा, आमागो, मोरी या सरदार घराण्यांत लढाया झाल्या आणि १५६२ मध्ये ती मोरींकडे गेली. चीनमध्ये कर चांदीत भरायचा असल्याने तिथे मागणी प्रचंड, म्हणून गोव्याहून मलाक्का-मकाव मार्गे येणारे पोर्तुगीज चिनी रेशीम विकून जपानी चांदी न्यायचे. १६०० ची सेकिगाहारा लढाई जिंकून जपानचे सत्ताधारी झालेल्या तोकुगावा घराण्याने खाण ताब्यात घेऊन ओकुबो नागायासुला कारभारी नेमलं. कामगार अरुंद बोगद्यांत शंखात तेल घालून केलेल्या दिव्यावर छिन्नी-हातोड्याने दगड फोडायचे.

१९२३ मध्ये खाण बंद पडली. २००७ पासून जागतिक वारसा यादीत.