ओढलेली आकृती आणि उडी मारणारा बिंदू: पार्श्वभूमी

भूमितीच्या आकृत्या काढायचं कॅब्री हे सॉफ्टवेअर फ्रान्समध्ये १९८८ च्या सुमारास आलं, अमेरिकेत १९९१ मध्ये तसंच स्केचपॅड. तेव्हापासून पडद्यावरचा त्रिकोण शिरोबिंदू धरून ओढता येऊ लागला. वर्तुळाला रेषा किंवा दुसरं वर्तुळ दोन ठिकाणी छेदतं, तेव्हा ओढताना त्या दोन छेदनबिंदूंपैकी कोणता धरून ठेवायचा, हा वाद तेव्हापासूनचाच आणि तो अजून मिटलेला नाही.

छेदणाऱ्या दोन रेषा घ्या, एक आडवी आणि दुसरी तिच्याशी ६०° वर. कोनदुभाजक ३०° वर येतो. आता आडवी रेषा तशीच ठेवून दुसरी सलग १८०° फिरवा. रेषा मूळ जागी परत येते, पण निम्म्या वेगाने फिरणारा दुभाजक १२०° वर, म्हणजे आधीच्या दुभाजकाला लंब होऊन थांबतो. दिलेल्या रेषा त्याच, उत्तर वेगळं. हे टाळायचं तर दुभाजकाला वाटेत कुठेतरी ९०° ची उडी मारावीच लागते. सलगपणा आणि एकच ठरलेलं उत्तर या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हा सॉफ्टवेअरचा दोष नव्हे, भूमितीच तशी आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सिंड्रेला या सॉफ्टवेअरने सलगपणा निवडला. वर्तुळं एकमेकांपासून दूर गेली की छेदनबिंदू संमिश्र संख्यांमध्ये (ज्यांत ऋण संख्यांची वर्गमुळंही येतात) जातात, तिथेही ते त्यांचा माग ठेवतं. साल्झबर्गमध्ये २००१-०२ च्या सुमारास एका पदव्युत्तर प्रबंधातून उभ्या राहिलेल्या जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये सातत्याचा, म्हणजे याच सलगपणाचा, पर्याय आहे, पण मुळात तो बंद असतो. वर्गासाठी हेच योग्य. शिरोबिंदू जागेवर आणला की आकृतीही परत आली पाहिजे. नाहीतर प्रमेय चुकलं की सॉफ्टवेअर, हे मुलांना कळणार कसं? मात्र जोडलेल्या दांड्यांच्या यंत्ररचनेचा बिंदुपथ, म्हणजे तिचा एखादा बिंदू ज्या वाटेने फिरतो ती वाट, काढताना याची किंमत मोजावी लागते. दोन दांडे एका रेषेत आले की खरं यंत्र दुसऱ्या बाजूला जाऊ शकतं, पडद्यावरचा बिंदू मात्र आपल्याच बाजूला राहतो आणि वक्राचा उरलेला भाग काढलाच जात नाही.

उडी टाळायची तर रचनाच वेगळी करावी. चौरसासाठी लंबरेषा आणि वर्तुळ छेदलं की दोन बिंदू मिळतात आणि निवडीचा घोळ होतो. त्याऐवजी एक शिरोबिंदू दुसऱ्याभोवती ९०° फिरवावा. अंतर्मध्यासाठी (त्रिकोणाचे तिन्ही कोनदुभाजक मिळतात तो बिंदू) दुभाजक काढताना तीन बिंदूंवर क्लिक करावं, मधला शिरोबिंदू. दोन रेषांवर क्लिक केलं तर दोन्ही दुभाजक येतात, आणि एका शिरोबिंदूशी बाह्य दुभाजक धरला गेला की छेदनबिंदू त्रिकोणाबाहेर पडतो.

महाराष्ट्राच्या नववी-दहावीच्या नव्या गणित पुस्तकांत जिओजेब्रा आलं, तोवर या साधनांचं रूप पालटलं होतं. २०१५ पासून ब्राउझरांनी जावाचा (या आकृत्या ज्या प्रोग्रॅमिंग तंत्रावर चालत त्याचा) आधार काढून घ्यायला सुरुवात केली आणि जुन्या पानांत बसवलेल्या आकृत्या बंद पडल्या. आता त्या मोबाइलवरही चालतात. तिथे दोन छेदनबिंदू जवळजवळ असले की बोटाखाली नेमका कोणता आला ते दिसत नाही, म्हणून निवडण्याआधी आकृती मोठी करून घ्यावी.