भाकरीतला कोंडा आणि पेशीचं दार

सोलापूरकडे ज्वारीचं पीठ बारीक चाळून भाकरी थापली, की चाळणीत राहिलेला कोंडा गुरांच्या आंबोणात जातो. मला तो जाऊ द्यावासा वाटत नाही. त्याचं कारण पार आपल्या पेशींपर्यंत पोहोचतं.

स्नायूच्या पेशीत साखर आपोआप शिरत नाही. तिला आत घेणारी ग्लूट-4 नावाची प्रथिनं एरवी पेशीत इवल्या पिशव्यांमध्ये थांबलेली असतात. इन्सुलिन बाहेरच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला चिकटलं, की या पिशव्या वर सरकून पेशीच्या आवरणात मिसळतात आणि साखर आत येते. टाइप 2 मधुमेहात हा निरोपच क्षीण होतो.

मग कोंड्यात आणि भाज्यांत असतात ते तंतू, म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा (फायबर), इथे काय करतात? गवार आणि मेथीदाण्यातले विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे तंतू फुगून बुळबुळीत होतात. जेवण जठरातून सावकाश पुढे सरकतं, आणि साखर रक्तात एकदम न उसळता हळूहळू उतरते. ज्वारीत स्टार्चचे कण कॅफिरिन या प्रथिनाच्या जाळ्यात अडकलेले असतात, तिथेही पाचकरसांना वेळ लागतो. शिजलेलं स्टार्च गार झालं, की त्याचा थोडा भाग पुन्हा घट्ट होऊन न पचता पुढे जातो.

खरी नवलाई मोठ्या आतड्यात आहे. आपल्याला न पचलेले काही तंतू तिथले जिवाणू आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्यूटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या एल-पेशींवर ती ओळखणारे ग्राही असतात. ते जागे झाले, की पेशी जीएलपी-1 हे संप्रेरक सोडते. हे संप्रेरक रक्तात साखर वाढलेली असताना स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि भूक आवरतं. मधुमेहाची काही नवी इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. कोंड्याचा परिणाम अर्थात त्यांच्यापेक्षा पुष्कळ सौम्य. ही मेदाम्लं स्नायूंच्या पेशींत साखर ओढायला मदत करतात, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण बशीतल्या पेशी म्हणजे जितंजागतं माणूस नव्हे.

एक गैरसमज मात्र मला खटकतो. ज्वारी आहे म्हणून चार भाकऱ्या चालतील, असं नाही. भाकरीत मुख्यतः स्टार्चच असतं, आणि कडक भाकरी पापडासारखी हलकी लागते म्हणून किती खाल्ली ते कळत नाही. ती आमटीत कुस्कराल तेव्हा शेजारी गवारीची किंवा मेथीची भाजी भरपूर घ्या. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं; थोडे थोडे वाढवा, पाणी प्या, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.